तीन पायांचं हरीण

नागमणीच्या चादरीवरती
हरीण होतं लाल,
विणता विणता धागा तुटला,
पाय तीनच! कमाल!

बाबा म्हणाले, "डागी माल हा,
बाजारात ना खपे."
म्हणून तीच पांघरून आमची
नागमणी रोज झोपे.

एका रात्री साखर पेठेत
अचानक लाइट गेली,
खटक-खटाखट गप्प झालं, अन्
स्वारी खाली आली.

"पळायचंय गं," हरीण म्हणालं,
"एकदा तरी. खूप."
उंदीर म्हणाला मिशी पुसत,
"आधी बस गुपचूप!"

सभा भरली मोरीपाशी.
शेळी म्हणाली, "छे!
माझे चारच. पाचवा असता
तर म्हटलं असतं, घे."

भिंतीवरून पाल म्हणाली,
"शेपूट चालेल का?
मला काय, ते फुटतंच पुन्हा."
सगळे म्हणाले, "हां!"

नागमणीने मारली गाठ
बाबा मारतात तशी,
शेळी, उंदीर, ती पाठीवर,
पाल शिंगापाशी.

आणि मग काय! तळ्याला वळसा,
वाऱ्याला कसलं ओझं!
नान्नजला माळढोकीण ओरडली,
"हळू रे! अंडं माझं!"

सकाळी आईने चादर झटकली,
पडली कुसळं चार.
"माळावर होतीस का गं रात्री?"
नागमणी गप्प गार.

हरणाला होता चौथा पाय,
मातकट, थोडा नाजूक.
ट्यूबच्या मागून बांडी पाल
म्हणाली फक्त, चुक चुक.