तपासणी विभाग, सातपूर

मी तडे शोधते. पगार त्याचाच मिळतो.
साहेबांचं आडनावही पगार,
हा विनोद आमच्याकडे पहिल्याच दिवशी जुना होतो.

ओतीव लोखंडाचा तुकडा घ्यायचा,
धुवून कोरडा करून लाल द्रव फासायचा,
आणि दहा मिनिटं थांबायचं.
घाई केली की काम वाया.
मग पुसून पांढरी भुकटी मारायची
नि बघत राहायचं.
तडा असेल तर आत मुरलेलं लाल
पांढऱ्यावर हळूहळू वर येतं.
केसाएवढी रेघ.
नुसत्या डोळ्यांना तो तुकडा निर्दोष होता.

तेरा वर्षं मी निर्दोष होते.

सोनोग्राफी द्वारकेला, सोनोग्राफी कॅनडा कॉर्नरला,
एकदा नाशिकरोडला, मामेसासऱ्यांच्या ओळखीनं अर्ध्या पैशांत.
सगळ्या कागदांवर एकच शब्द: नॉर्मल.
बारावीत अपेंडिक्स काढलं,
पुढे कळलं, त्या बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं.
ओवा चावला, बेंबीत हिंग भरला,
गरम पिशवीनं ओटीपोटावर
जाळीसारखे तपकिरी डाग उठले.
आई म्हणाली, लग्न झालं की थांबतं.
सासूबाई म्हणाल्या, मूल झालं की थांबतं.
मूल का होत नाही
हे मात्र त्या दुखण्याला कुणी विचारलं नाही.

महिन्याला दोन रजा. अर्जात लिहायचे, घरगुती कारण.
खोटं नव्हतं. घरातल्या घरातच फिरायचं ते,
कमरेतून मांडीत, मांडीतून परत माघारी,
संडासात बसले की पाठीमागून सळई घातल्यासारखं.

गंगापूर रोडच्या डॉक्टर गांगुर्डे.
मशीनला हात लावण्याआधी त्यांनी खुर्ची जवळ ओढली.
कळ कोणत्या दिवशी येते?
शौचाला बसताना?
नवऱ्याजवळ असताना? सुरुवातीलाच, की आत खोल?
मनोहर फरशीकडे बघत होता.
मी आधी दिवा का मालवते
हे त्याला तिथं कळलं, तिसऱ्या माणसासमोर.

त्या म्हणाल्या, दिसलं नाही म्हणजे नाही, असं नसतं.
मी मान वर केली.
ही बाई आमच्याच खात्यातली.

एमआरआय, मग दुर्बीण.
बेंबीत एक भोक, बाजूला दोन.
गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी
बाहेर, जिथं त्याचं काही काम नाही तिथं रुजलेलं;
डावं अंडाशय आतड्याला चिकटलेलं,
त्यात जुन्या रक्ताची गाठ, चॉकलेटच्या रंगाची.
नंतर त्यांनी व्हिडिओ दाखवला.
मी सवयीनं बोटानं स्क्रीनवर गोल केले.
इथं. इथंपण.
आणि रडले, सलाइनचा हात सांभाळत.
दुखत होतं म्हणून नाही,
रेघ वर आली होती म्हणून.

निघालं तेवढं काढलं. परत येऊ शकतं,
हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.
रात्री नऊला गोळी, कधी कधी विसरते.
मंगळवारी फिजिओथेरपी. तिथं
तेरा वर्षं आवळून धरलेले स्नायू सोडायला शिकते,
आवळण्यापेक्षा हे फार अवघड आहे.
वहीत लिहिते: तारीख, जागा, दहापैकी किती.
बहुतेक तीन. दिवाळीच्या आठवड्यात सात.
मुलाचं अजून काही ठरलेलं नाही,
त्यासाठी वहीत रकानाही पाडलेला नाही.

काल नवी शिकाऊ पोर, सुरगाण्याची हर्षाली भोये,
खोक्यांच्या मागे पोट दाबून उकिडवी बसली होती.
काही नाही ताई, गॅस.
तुकड्यांना द्रव लावून झाला होता,
हातात दहा मिनिटं होती.
मी तिच्याशेजारी खाली सिमेंटवर बसले.
म्हटलं, कधीपासून?