तेल प्यालेली वीट

दगू मिस्तरी आधी चहा घेत नाही.
आधी उलटी थापी भिंतीवर मारत फिरतो,
कान लावतो, विटेवरून बोट फिरवून हुंगतो,
म्हणतो, "शेगडीमागची वीट तेल प्यालीय, वहिनी.
अकरा वर्षांची फोडणी आहे.
सिमेंट धरायची नाही."

अकरा वर्षं.
पाथर्डी फाट्याला चार भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला,
आणि गिलाव्याचे पैसे
अंबडच्या कंपनीच्या टाळेबंदीत गेले.
तेवढ्यापुरतं म्हणून उघडं राहिलेलं हे स्वयंपाकघर.
सांध्यांत खिळे पटकन बसायचे:
गाळणी, किसणी, गॅसच्या पुस्तकाची पिशवी.
विटेवर कोळशानं सिलिंडरच्या तारखा.
पल्लवीची उंची मी फुटात कधी मोजली नाही.
इथं आलो तेव्हा सात थरांची होती,
आता पंधरा थर, आणि वर वेणी.

जिप्सम गुळगुळीत बसतं, पाणी मारायला नको.
खैरनारबाईंनी केलं. तिसऱ्या महिन्यात
कुकरच्या वाफेनं मांड्यासारखे पापुद्रे सुटले.
दीर म्हणाले, टाइल लावा, थेट छतापर्यंत.
छतापर्यंत!
दवाखान्यात भाकरी भाजायची का मी?
चुना मिळतो, चुना मळणारा मिळत नाही.
राहिलं सिमेंट.
"एकास चार," दगू म्हणाला, "दोन हात. निरू नको, स्पंजनं पुसून देतो.
पण आधी सोड्यानं घासा. मग टाचे मारू."

दोन रात्री घासली तारेच्या ब्रशनं.
पहिल्या पाण्याला हिंग सुटला,
दुसऱ्याला काळ्या मसाल्याची तर्री,
तिसऱ्याला करपलेलं दूध.
ते एकाच दिवसाचं.
फोन आला होता, मी गॅस बंद केला नव्हता.

ओळंबा सोडला तेव्हा कळलं
भिंत पाऊण इंच पूर्वेला कललेली आहे.
आम्ही इतकी वर्षं तिच्याकडे बघून
देवाच्या तसबिरी सरळ करत होतो.

मग सात दिवस भिंतीला तीन वेळा पाणी
आणि आम्हाला पोर्चमध्ये खिचडी.
राखाडी, थंड, पाहुण्यासारखी भिंत.
पल्लवी पाठ टेकून उभी राहिली
आणि काय मोजायचं ते दोघींनाही सुचेना.

आठव्या रात्री सगळे झोपल्यावर
पळी उलटी धरून मी भिंत वाजवत गेले.
टक. टक. भरीव.
खिडकीखाली भरीव, फडताळाशी भरीव.
शेगडीमागं हातभर जागा:
ढब.
पुन्हा मारली, हलकेच.
ढब.

सकाळी दगू उरलेले पैसे न्यायला आला.
चपला काढता काढताच म्हणाला,
"वाजवून बघितली का?"
बघितली, म्हटलं.
बसा. चहा घ्या आता.