मास्किंग टेप

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
पत्र्याच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
मी लोकांच्या चुका सपाट करतोय.

सपाट म्हणायचं नाही, इस्माईलभाई मुकादम सांगायचे,
पत्रा कधीच सपाट नसतो.
डोळे मीट. तळवा फिरव.
जिथे हात अडखळेल तिथे गाडीला दुखतंय.
हातोडी त्यांनी दुसऱ्या वर्षी दिली.
पहिलं वर्ष नुसता हात फिरवला
मडगार्डांवरून, बॉनेटांवरून,
बाजारात भोपळा चाचपतात तसा.

आता हात फिरवला की घड्याच लागतात.
दारावर घडी, तिच्याखाली अजून एक,
मागच्या काचेशी तिसरी येऊन दोघींना कापते
आणि कुठेच जात नाही.
कोणीतरी कागद चुरगाळून फेकला असेल,
दुसऱ्या कोणीतरी उचलून मंजूर केला असेल.

तोंडं तर विचारूच नका.
जाळी एवढी की आत चूल मांडावी,
त्यातली निम्मी खोटी, काळं प्लास्टिक, मागे भिंत.
हवा येते, दार ठोठावते, परत जाते.
डोळे चिरलेले. भुवया आत ओढलेल्या.
संध्याकाळी माजिवड्याच्या पुलाखाली बघा,
एकामागे एक उभ्या,
जणू सगळ्यांचं एकाच भावाशी जमिनीवरून भांडण.
ताशी चार किलोमीटर.
एवढा राग, आणि एवढाच वेग.

जुन्याचं कौतुक मी करत नाही.
माझ्या मेहुण्याच्या फियाटचं दार
कापूरबावडीला त्याच्या हातातच आलं होतं.
पण दार धरून तो रस्त्यात उभा होता तेव्हा
तो आणि गाडी, दोघे सारखेच ओशाळलेले दिसत होते.
एवढंच म्हणायचंय.
तिला ओशाळता येत होतं.

मंगळवारी टिपणीसबाई आल्या, कोलशेतच्या टॉवरमधून.
गाडी नवी, रंग ओल्या सिमेंटचा,
(हल्ली तो जास्त पैसे मोजून मिळतो)
बंपर तळघरातल्या खांबाला घासलेला.
बरोबर नातू, कैरव, वय वर्षं पाच,
गाडीला मागून लांबचा वळसा घालून चालणारा.
"पुढून जात नाही," बाई म्हणाल्या, "घाबरतो हिला.
काढताना रडायला लागला, मी वळून बघितलं,
आणि खांब आला."

पोरगा माझ्या पायांआडून विचारतो,
"हिला कोणी मारलं?"
"खांबाने."
"त्याच्या आधी?"

पान्हे शोधायचे नव्हते, तरी मी
पान्ह्यांच्या खोक्यात बराच वेळ शोधत राहिलो.

प्लास्टिकवर हातोडी चालत नाही.
कंपनी म्हणते, बदला. मी म्हटलं, रंगवतो.
कालचा पेपर घेतला, टेप घेतली,
डावा डोळा झाकला, उजवा झाकला,
जाळीवर अख्खं पान लावलं
भाजीचे भाव, वधू पाहिजे, हरवला आहे.
आणि पोरगा पुढे आला.
अगदी पुढे.
बॉनेटवर तळवा ठेवला,
डोळे मिटून, कोणी शिकवलेलं नसताना.
"झोपली," म्हणाला.

रंग सुकेपर्यंत तो तिच्या टायरला टेकून बसला.
बाईंनी दोन चहा घेतले, पैसे कितीदा तरी विचारले.

टेप काढायची एक रीत असते,
हळू, तिलाच तिच्यावर दुमडत,
नाहीतर रंगाची कड सोबत येते.
मी डावा डोळा उघडला.
पोराकडे बघितलं.
उजवा राहू दिला.
"कच्चा आहे अजून," बाईंना सांगितलं, "घरी जाऊन काढा."
काचेला कोण कच्चं म्हणतं?
इस्माईलभाई असते तर कानफटात मारली असती.

सव्वासहाला गाडी निघाली,
एक डोळा मिटलेला,
सगळ्या रोड नंबर सोळाकडे बघून
डोळा मारत गेली.
तीन हात नाक्याला हवालदाराने अडवलंच असेल
तर माझं नाव सांगा म्हणावं.