राष्ट्रीयत्वाचा रकाना

बातमी आली तेव्हा मी सेव-उसळीचं पार्सल सोडत होते.
दुपारपासून गोळीबार थांबला, टीव्ही म्हणाला,
आणि लगेच चर्चा :
आता तिथे राज्य कोणी चालवायचं.
टाय लावलेले चौघं.
चौघांत तिथला एकही नाही.

एकतीस वर्षं मी विद्यापीठात
परदेशी विद्यार्थ्यांच्या टेबलाशी बसले.
नाव, वडिलांचं नाव, राष्ट्रीयत्व.
केनिया, मॉरिशस, इराण, नेपाळ,
पेन कुठे अडायचं नाही.
अडलं सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये,
रिबही नावाच्या मुलापाशी.
खान युनिस. स्थापत्य, प्रथम वर्ष.
हातात इजिप्तचा प्रवासी कागद,
आणि त्या कागदाचंच म्हणणं
की हा इजिप्तचा नाही.

नाडकर्णीसाहेब म्हणाले, रकाना कोरा सोडा.
कोरा रकाना ऑडिटला चालत नाही, मी म्हटलं,
आणि पेन्सिलीनं लिहून टाकलं, हलकंच.
पुढच्या वर्षी दिल्लीनं मान्यता दिली,
तेव्हा तीच अक्षरं शाईनं गिरवली.
तो समोर उभा राहून बघत होता,
बारशाला आल्यासारखा.

माझ्या आजोबांच्या नेमणुकीच्या हुकमावर
बडोदे राज्याचा शिक्का आहे, अजून निळा.
ते राज्य एका सहीनं विलीन झालं.
आजोबा सकाळी नेहमीसारखे कचेरीत गेले
आणि संध्याकाळी दुसऱ्याच सरकारचे नोकर होऊन परतले,
वाटेत मेथीची जुडी घेऊन.
राज्य सहीनं संपतं, एवढं आमच्या घरात माहीत होतं.
सुरूही होतं का रे, मी रिबहीला विचारलं.
तो म्हणाला, बेन, आधी पेन कोणाचं ते सांगा.

एकोणनव्वदला तो हॉस्टेलच्या मेसचा सेक्रेटरी झाला.
एकशे बारा मतं. समोरच्या आणंदच्या पोराला सदतीस.
जाहीरनामा एका ओळीचा : डाळीत साखर कमी.
पहिल्याच रविवारी महाराजनं गोड डाळ केली,
मुलांनी ताटं बडवली,
हा बाह्या सारून आत गेला आणि कांदा चिरायला बसला.
दर महिन्याला हिशेब भिंतीवर, पैन् पै.
खाली वाकड्या गुजरातीत :
चूक सापडली तर मला काढा.

त्यानंतर त्यानं एकदाच मत दिलं,
दोन हजार सहाला, आपल्या गावी.
धाकटी तेव्हा रांगत होती.
आता तिला चष्मा आहे,
मताची शाई अजून तिच्या बोटाला ठाऊक नाही.

मागे विश्वामित्री शहरात शिरली
तेव्हा दप्तरखान्यात कमरेएवढं पाणी.
झेरॉक्सच्या मशीनमागे मगर निघाली म्हणे.
रजिस्टरं गच्चीवर वाळत घातली
आणि मला बोलावलं, बघा, काही वाचता येतंय का.
शाई वाहून गेली होती,
केनिया, इराण, नेपाळ, सगळ्यांचा मिळून एक निळा डाग.
रिबहीच्या ओळीत
खालची पेन्सिल तेवढी होती.

काल रात्री त्याचा आवाज आला, अडतीस सेकंद.
घर नाही. धाकटी आहे.
बांधलेल्या टाक्यांपैकी एकीची भिंत उभी आहे,
तिच्या सावलीत लोक बसतात.
मग हसला, की खोकला :
बेन, आमची मेस चालवायला
सगळं जग येणार आहे म्हणे.
मतपेटी तेवढी कोणी आणत नाहीये.

मी युद्धविराम असं लिहिलं. पुसलं.
शाळेत तीन तरी विराम शिकवले होते,
हा त्यातला कुठला, ते उमगेना.
अभिनंदन लिहवेना, सांत्वनही.
टीव्हीवरचे चौघं एव्हाना नकाशापर्यंत आले होते,
एकाच्या हातात लाल पेन.

शेवटी विचारलं, डाळ मिळते का?

उत्तर पहाटे आलं.
मिळते कधी कधी.
साखर नाही.