केसभर उजेड

शब्बीर मुलाणीनं दोन्ही कार्बोरेटर
आरशावर टेकवले, मागून बॅटरी धरली.
"उजव्याखालून उजेड येतोय," म्हणाला,
"केसभर. तेवढ्यातूनच चोरून हवा घेतंय."

नवी जोडी साताऱ्यात अठ्ठावीस हजार.
किट नऊशेला: सुई, डायफ्राम, वायसर,
वर त्याची एक दुपार, दोन चहा.

मी जेट डोळ्याला लावतो.
एवढंसं भोक,
पलीकडचा अख्खा डोंगर त्यात
नाचणीच्या दाण्याएवढा.
याच भोकावर रोज बामणोलीहून सुटतात
नऊ माणसं, एक शेळी, दुधाची किटली
आणि शेंबडीच्या मास्तरीणबाई.

परवा मधोमध बंद पडलं.
कुणी ओरडलं नाही.
बाई वहीनं शेळीला वारा घालत बसल्या,
मी दोरी ओढत राहिलो,
खाली कुठंतरी आज्याचं खळं.

"घासून सपाट करतो,
पण जबान देत नाही."
डावा मात्र आरशाला चिकटून बसलाय,
सव्वीस वर्षांचा, हट्टी.

उजवा नवा सांगितला.
"नव्या-जुन्याचा मेळ बसवायला
अख्खा दिवस जाईल, दगडूशेठ."
जाऊ दे.

वाकडा खिशात टाकून घरी आलो.
सदऱ्याला अजून पेट्रोलचा वास,
ही विचारते, टाकला का नाहीस?