पुढेमागे

सी-फॉर्म भरताना ती अडली.
'येण्याचे कारण' इथं काय लिहू?
मी म्हटलं, टुरिझम लिहा, सगळे तेच लिहितात.
सगळे म्हणजे गेल्या वर्षात तिघं.
तिनं लिहिलं: दगड.

नायरा कोंदोरी, वय एकोणतीस, देश बोलिव्हिया.
सॅक एवढी, की जिन्यात ती वळली
आणि खताच्या कंपनीचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली.
शिवाजीनगरहून लाल गाडीनं आलेली,
नारायणगावात शेजारणीनं हातावर दोन फळं ठेवली,
पेरू, पेरू, खा.
ते सांगताना अजून हसत होती:
आमच्या शेजारच्या देशाचे तुम्ही फोडी करून मीठ लावता!

तिचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं,
म्हणून जमलं.
तिचं गाव जुन्नरहून लहान,
कळसूबाईच्या दुपटीहून उंच,
वारा असा की दुपारीसुद्धा कानटोपी.
बाजूला पडकी देवळं, कुणी बांधली ते
गावाला नक्की ठाऊक नाही, पण तिकीट गावच फाडतं.
आई खोल्या भाड्यानं देते.
आठ वर्षांची असल्यापासून हिनं
असल्याच सॅकवाल्यांना टोप्या विकल्या,
त्यांच्या चादरी वाळत घातल्या.
आता एकदा मी सॅक, म्हणाली,
आणि तुम्ही माझी आई.

आमच्या उंबऱ्याला देवळातला दगड होता,
अर्धा चेहरा कोरलेला, त्यावर आम्ही बूट पुसायचो.
तुमच्याकडे?

आमच्याकडे कुठलं, म्हणणार होतो.
मागच्या मोरीत चादरी आपटायचा दगड आठवला.
एका कडेनं पाकळ्या आहेत.
अब्बांनी कुठून आणला, विचारलं नाही कधी.
ती उकिडवी बसली, बोटांनी साबण खरवडला,
आणि पाकळ्या मोजल्या. साडेचार.

मग ती मानमोडीला गेली, तुळजा लेण्यात गेली,
उसातून एकटी जाऊ नका, बिबट्या असतो, सांगितलं तरी गेली.
आली ती वटवाघळांच्या वासासकट.
मासवडी खाल्ली, हा मासा नाही हे तिला पटेना.
आणि नाणेघाट? तुम्ही कितीदा गेलात, मिस्टर आतार?

एकदा. सातवीची सहल.
रांजणात डोकं घालून ओरडलो होतो, गुरुजींनी कान पिळला.
परत का नाही?
जाऊ की, म्हटलं, पुढेमागे.

हा शब्द तिनं मोबाइलला विचारला.
मोबाइल म्हणाला, समोर पाठ.
ती बराच वेळ गप्प.
मग सांगितलं, आजीच्या भाषेत
होऊन गेलेलं समोर असतं, कारण ते दिसलेलं असतं.
कालचं सांगताना आजी हात पुढे करायची,
उद्याचं सांगताना अंगठा खांद्यावरून मागे,
जिथं डोळे नाहीत.
आणि तुम्ही दोन्हीकडे एकदम कसे जाणार?

मी म्हटलं, मॅडम, आम्ही तेव्हा कुठंच जात नाही.

बुधवारी पहाटेच्या गाडीनं ती गेली.
बिल चुकतं केलं, कॅलेंडर नव्या खिळ्याला लावून दिलं.
चादर धुवायला मोरीत गेलो
आणि बादलीवर नुसता बसून राहिलो.
हात उचलेना.

बायको म्हणाली, अहो युनूस आतार, काय झालंय?
म्हटलं, काही नाही, गल्ला बघ दुपारपर्यंत.

घाटघरकडे जाणारी जीप ठासून भरलेली.
पुढे जागा नव्हती, ड्रायव्हरनं
मागच्या फळक्यावर टेकवला, पाय बाहेर लोंबते,
तोंड आलो त्या रस्त्याकडे.
स्टँड दिसत होतं, मग नुसता शिवनेरी,
मग धरणाचं पाणी, एक बाई कळशी घेऊन उभी,
सगळं समोर, बारीक होत होत समोरच.
कुठं चाललोय ते पाठीला लागत होतं,
दर खड्ड्याला.