मधला गंधार

त्या साली कंपनीचा मुक्काम सोलापुरात लांबला.
मालक म्हणाले, गिरणीचा पगार होऊ द्या, तंबू भरेल.
मी बत्त्यांना पंप मारायचो,
विंगेत उकिडवा बसून.
रॉकेलचा वास अजून नखांत आहे म्हणा ना.

पायपेटीवर व्यंकप्पा गड्डम,
साखर पेठेतल्या पद्मसाळ्याचा.
बापाच्या खड्डा-मागावर लहानपणी पाय चालवलेले,
म्हणून पेटीचा भाता त्याच्या पायांखाली
कधी धापा टाकत नसे.
घरी तेलुगु, गल्लीत कानडी, पेटीवर मराठी.
शिवी तिन्हीत, आणि तालात.

शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटात साहेब लोक नाचायचे.
तिथं कायतान फुर्ताद कॉर्नेट फुंकायचा,
दिवसा इंजिन शेडमध्ये फिटर.
जहाजावरच्या भावानं त्याला तबकड्या आणून दिलेल्या,
अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या.
व्यंकप्पा खिडकीखाली उभा राहायचा,
मला न्यायचा कंदील धरायला.
पहिल्या रात्री म्हणाला, "ठोका कुठं गेला बे?"
दुसऱ्या रात्री काहीच म्हणाला नाही.
तिसऱ्या रात्री परतताना
त्याचं एक पाऊल जरा उशिरा पडत होतं,
लंगडल्यासारखं, पण खुशीत.

मग तो दुसरा अंक.
नायिका झालेले दत्तोपंत लळिंगकर
पदर सावरून खमाजात शिरले,
आणि व्यंकप्पानं मात्रा सोडून
मात्रेच्या सांदीत बोट ठेवलं.
खड्ड्यातून कायतान उठला,
कॉर्नेटच्या तोंडात हातरुमाल कोंबलेला,
आवाज असा, की कुणी दाराआडून रडतंय
आणि रडता रडता चेष्टा करतंय.
तबलजीनं आधी डोळे वटारले, मग दात काढले.
दत्तोपंतांची नथ हलायची थांबली,
मग दुप्पट हलली.
मागच्या चटईवरून साचेवाले ओरडले,
"वन्स मोअर!"
त्यांना काय नवीन होतं त्यात?
साचा बिघडला की असाच तर बोलतो.

पहिल्या रांगेत, फुकट पासावर,
रघुवीरबुवा मंगळवेढेकर.
पेटी म्हणजे सुरांचा सरकारी दवाखाना,
सगळ्यांना एकच औषध, असं म्हणणारे.
उठले. उपरणं झटकलं. गेले.
मालकांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बुवा तळावर हजर.
हातात कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी.
"तो पितळवाला कुठंय? त्याला गंधार वाजवायला सांगा."
कायताननं वाजवला.
"पुन्हा."
वाजवला.
बुवांनी घास तसाच धरून ठेवला.
"हा कोमल नाही, शुद्ध नाही,
मधल्या उंबऱ्यावर बसलेला आहे.
माझ्या गुरूंच्या गळ्यात होता हा.
आणि तो लय चुकवण्याचा तुमचा खेळ,
त्याला आम्ही अतीत म्हणतो, नवं काय त्यात?
पण व्यंकप्पा, तुझ्या पेटीत या गंधाराला पट्टीच नाही रे."

व्यंकप्पानं झाकण आपटून बंद केलं.
बाहेर जाऊन बिडी ओढली.
परत आला, झाकण उघडलं,
आणि दोन्ही गंधार, काळा आणि पांढरा,
शेजारच्या दोन बोटांनी एकदम दाबले.
बुवांनी कान झाकले.
कायतान मात्र खुर्चीवरून पडता पडता वाचला.
"अरे बाबा, तिकडे पियानोवाले हेच करतात!
सापडत नाही म्हणून दोघांना चिरडतात!"

कंपनी पुढं बार्शीला गेली, मग बुडाली.
कायतानची बदली वाडीला.
बुवांनी कुठंच काही कबूल केलं नाही,
पण दसऱ्याच्या बैठकीत त्यांची सम
केसभर उशिरा आली, दोनदा,
आणि दोन्ही वेळा त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

मी पुढं गिरणीत लागलो.
भोंगा थांबताना वाफ उतरायची,
सूर घसरत खाली यायचा.
त्या वाटेवर एका जागी
मी दर पाळीला कान टवकारायचो.
मुकादम म्हणायचा, काय ऐकलालास बे?
काय सांगणार त्याला.